मुलांच्या अंगावरील फिकट डाग : ओळख आणि गैरसमज

उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर मुले वसतिगृहात परततात तेव्हा अनेकांच्या गालांवर फिकट चट्टे दिसतात. शिरूर-दौंडच्या पट्ट्यात घोड आणि भीमेकाठच्या कोरड्या उन्हाने भोवतालची कातडी रापते आणि मूळचा फिका डाग उठून दिसतो. मग कुणी म्हणते जंत झाले, कुणी म्हणते कॅल्शियम कमी पडले. आणि एखादा दबक्या आवाजात ‘कोड’ म्हणतो. त्या एका शब्दाने मुलाशेजारची पंगतीतील जागा रिकामी होऊ शकते. म्हणून या डागांची ओळख पालकांना असणे आम्हांस अगत्याचे वाटते.

गालांवरचे हे चट्टे बहुधा ‘पिटिरियासिस अल्बा’ या निरुपद्रवी विकाराचे असतात. साधारण ३ ते १६ वर्षे वयात, विशेषतः कोरड्या कातडीच्या मुलांत ते आढळतात. रंग फिका, पण दुधासारखा पांढरा नव्हे, कडा अस्पष्ट, वर बारीक कोंडा. ते संसर्गजन्य नाहीत. सौम्य साबण, आंघोळीनंतर पेट्रोलियम जेली आणि उन्हात टोपी एवढे बहुधा पुरते. रंग परतण्यास काही महिने, कधी वर्षाहून अधिक काळ लागतो. गोरेपणाची वा स्टेरॉइडची मलमे स्वतःच्या मनाने लावू नयेत.

मोठ्या मुलांच्या मान, छाती व पाठीवर येतात ती शिबं. कातडीवर एरवीही असणारी बुरशी घामामुळे वाढते. औषधाने ती जातात. रंग मात्र सावकाश भरतो.

कोडाचा डाग खडूसारखा पांढरा व स्पष्ट कडांचा असतो; त्यावर कोंडा नसतो. शरीराची प्रतिकारशक्तीच रंगपेशींवर उलटल्याने तो होतो. तो स्पर्शाने पसरत नाही आणि कोणत्याही पापाचे फळ नाही. त्यावर उपचार आहेत. ते लवकर सुरू करावेत. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा ‘नितळ’ हा चित्रपट याच विषयावरचा आहे. पालकांनी तो अवश्य पाहावा.

दुर्लक्ष करू नये तो बधिर चट्टा. मुलाला डोळे मिटायला सांगून कापसाने हळूच स्पर्श करावा. स्पर्श कळत नसेल, तेथे घाम येत नसेल वा केस विरळ झाले असतील, तर कुष्ठरोगाची शंका घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. बहुविध औषधोपचार तेथे मोफत मिळतो आणि प्रकारानुसार ६ किंवा १२ महिन्यांत पूर्ण होतो. उपचार सुरू होताच संसर्गाचा धोका झपाट्याने मावळतो. मुलाला वेगळे ठेवण्याचे कारण उरत नाही.

इतिहासाचे अभ्यासक म्हणून एक गोष्ट आम्हांस अस्वस्थ करते. नॉर्वेच्या हॅन्सेन यांनी १८७३ मध्ये कुष्ठरोगाचा जंतू शोधला; तरीही रुग्णांना समाजापासून तोडणारा १८९८ चा ब्रिटिश कायदा आपल्याकडे २०१६ पर्यंत रद्द झाला नव्हता. हा रोग घटस्फोटाचे कारण मानणाऱ्या तरतुदी तर २०१९ मध्ये वगळल्या गेल्या. औषध पोचले, विटाळ मागे राहिला.

भगवान बुद्धांच्या सभेत सुप्पबुद्ध नावाचा कुष्ठरोगी दूर बसला होता. धम्म समजण्यास समर्थ असा श्रोता तथागतांनी त्याच्यातच ओळखला. विटाळाची झळ पिढ्यान्‌पिढ्या सोसलेल्या आपल्या समाजात तरी एखाद्या लेकराचे ताट वेगळे मांडले जाऊ नये. डाग दिसला तर आधी तो नीट पाहावा, शंका वाटल्यास डॉक्टरांना दाखवावा. आणि मूल मात्र पंगतीतच बसू द्यावे.