सिंगापुरात जुनी गाडी घेताना...

पुण्या-मुंबईहून नोकरीनिमित्त सिंगापूरला गेलेल्या मराठी कुटुंबाला तेथील जुन्या गाड्यांच्या जाहिराती प्रथम बुचकळ्यात टाकतात. भारतात जेवढ्या पैशांत नवी कोरी मोटार दारात उभी राहील, त्याहून कितीतरी अधिक रक्कम तेथे पाच-सहा वर्षे वापरलेल्या साध्या गाडीला मोजावी लागते. मात्र विक्रेत्याला दोष देण्यापूर्वी तेथील व्यवस्था समजून घेणे हिताचे. सिंगापुरात जुनी गाडी घेणारा गाडीपेक्षा तिचा उरलेला काळ विकत घेत असतो.

साडेसातशे चौरस किलोमीटरहूनही लहान असलेल्या या बेटावर वाहनांची संख्या आवरण्यासाठी मे १९९० पासून 'सर्टिफिकेट ऑफ एन्टायटलमेंट' म्हणजेच सीओई हा परवाना सक्तीचा झाला. त्याची मुदत दहा वर्षांची. सरकार ठरावीक संख्येने परवाने काढते आणि महिन्यातून दोनदा त्यांचा लिलाव होतो. मागणीनुसार भाव किती हेलकावे खातो, याची कल्पना दोन आकड्यांवरून येईल. नोव्हेंबर २००८ मध्ये लहान मोटारींच्या गटात हा परवाना अवघ्या २ डॉलरना मिळाला होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये मोठ्या मोटारींच्या गटात त्याने १,५०,००१ सिंगापूर डॉलरचा पल्ला गाठला.

जुनी गाडी घेताना परवान्याची उरलेली मुदत गाडीबरोबरच येते. दहा वर्षे पूर्ण होण्याआधी नोंदणी रद्द केली, तर नोंदणीच्या वेळी भरलेल्या अतिरिक्त शुल्काचा काही भाग परत मिळतो. वय वाढेल तसा हा परतावा घटतो. त्याचे प्रमाण गाडीची नोंदणी झाली त्या वेळच्या नियमांवर अवलंबून असल्याने प्रत्येक गाडीची रक्कम स्वतंत्रपणे तपासावी.

खरी किंमत काढण्याची रीत सोपी आहे. मागितलेल्या किमतीतून अखेरचा परतावा वजा करावा आणि उरलेल्या वर्षांनी भागावे. समजा, एका गाडीला ६०,००० डॉलर पडतात, मुदत पाच वर्षे उरली आहे आणि परतावा १०,००० आहे. वर्षाचा खर्च झाला १०,००० डॉलर. दुसरी गाडी ४०,००० ला मिळते, पण मुदत दोनच वर्षे आणि परतावा १२,०००. तिचा वार्षिक खर्च १४,००० होतो. स्वस्त दिसणारी गाडीच महाग पडते, ती अशी.

दहा वर्षांनंतर परवाना पाच किंवा दहा वर्षांसाठी वाढवता येतो. त्यासाठी मागील तीन महिन्यांच्या लिलावांतील सरासरी भाव मोजावा लागतो. अशा गाडीवर शुल्काचा परतावा मिळत नाही, रस्ता करावर अधिभार लागतो आणि तपासणी दरवर्षी करावी लागते. पाच वर्षांसाठी वाढवलेला परवाना पुन्हा वाढवता येत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

व्यवहारापूर्वी त्रयस्थ तपासणी केंद्रात गाडी दाखवून घ्यावी. विक्रेत्याचे कर्ज बाकी नसल्याची खात्री करावी आणि विमा आपल्या नावे उतरवावा. सदोष मालाबाबत ग्राहकाला संरक्षण देणारा 'लेमन लॉ' सप्टेंबर २०१२ पासून लागू आहे. तो व्यापाऱ्याकडून घेतलेल्या जुन्या गाडीला लागू पडतो, खासगी मालकाकडून घेतलेल्या गाडीला नाही. भारतातील वाहन परवान्यावर तेथे बारा महिनेच गाडी चालवता येते. त्यापुढे लेखी परीक्षा देऊन स्थानिक परवाना घ्यावा लागतो.

सर्वांत महत्त्वाचा विचार मात्र स्वतःच्या मुदतीचा. परदेशी नोकरदाराचा वास्तव्याचा पास साधारणतः दोन-तीन वर्षांचा असतो. नोकरी गेली, तर देश सोडण्यास बहुधा महिनाभराचाच अवधी मिळतो. अशा घाईत गाडी विकावी लागली की खरेदीदार पडेल भाव सांगतो, आणि कर्जाचा बोजा डोक्यावर राहतो तो वेगळाच. म्हणून कर्ज बेताचे ठेवावे आणि आज गाडीची नोंदणी रद्द केल्यास हाती किती रक्कम येईल, हे खरेदीपूर्वीच विचारून घ्यावे. ती रक्कम आणि शिल्लक कर्ज यांत फार तफावत नसेल, तरच व्यवहार करावा. मेट्रो आणि बससेवा उत्तम असलेल्या त्या शहरात गाडीवाचून कोणाचे अडत नाही; घाईने घेतलेल्या गाडीपायी मात्र अनेक वर्षांची बचत अडकून पडू शकते.