गोळी, गर्भ आणि हृदय

नवा रायपूरच्या श्री सत्य साई संजीवनी रुग्णालयात जन्मजात हृदयदोष असलेल्या मुलांवर मोफत शस्त्रक्रिया होतात. अशा बाळाच्या आईला हमखास ऐकावं लागतं, ‘गरोदरपणात काय घेतलं होतंस गं?’ ती नैराश्याच्या गोळ्या घेत असेल, तर मग विचारायलाच नको.

संशय निराधार नव्हता. गर्भाचं हृदय गर्भधारणेनंतर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच धडधडू लागतं, पुष्कळदा दिवस राहिल्याचं कळण्याआधी. त्याच्या घडणीत सेरोटोनिन या रसायनाचा हात असल्याचं उंदरांवरील प्रयोगांत दिसलं; यातल्या बऱ्याच गोळ्या नेमक्या सेरोटोनिनवरच काम करतात. पॅरोक्सेटिन या अशाच एका गोळीबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2005 मध्ये इशाराही दिला.

मग 2014 मध्ये साडेनऊ लाख अमेरिकी गर्भारपणांचा अभ्यास आला. गोळ्या न घेणाऱ्यांत दर दहा हजार बाळांमागे 72 हृदयदोष, घेणाऱ्यांत 90. पण मूळ नैराश्य, इतर आजार, इतर औषधं यांचा हिशेब धरल्यावर हा फरक जवळजवळ पुसला गेला. दोष गोळीच्या माथी मारणं सोपं होतं, एवढंच!

उलट उपचाराविना राहिलेल्या नैराश्यात जेवण, झोप, तपासण्या सगळंच विस्कटतं. म्हणून मनाने गोळी बंद करू नका. पॅरोक्सेटिन चालू असेल तर दिवस राहण्याआधीच डॉक्टरांशी बोला. सर्ट्रालिनसारखा पर्याय असतो. शंका असल्यास अठरा ते बावीस आठवड्यांदरम्यान गर्भाच्या हृदयाची सोनोग्राफी करता येते. मन खचलं असेल तर सरकारची ‘टेली मानस’ हेल्पलाइन आहे, क्रमांक 14416.