गोळी एकच, गुण वेगळा

लेखमाला : कंबर आणि कणा – भाग ६

मणक्यांमधल्या गाद्या कशा झिजतात, ते मागच्या भागात पाहिलं. आज उपचारांकडे वळू.

अंबरनाथ पश्चिमेला संध्याकाळी दवाखान्यांत गर्दी होते, तेव्हा कंबर धरून आलेले हमखास दिसतात. कुणी एमआयडीसीत पिंपं हलवणारा, कुणी सीएसएमटीपर्यंत रोज उभ्याने लोकलचा प्रवास करणारी. समजा, अशा दोघांना डॉक्टरांनी एकच गोळी लिहून दिली. एकाला दोन दिवसांत उतार पडतो, दुसरा आठवड्याने परत येतो आणि म्हणतो, "डॉक्टर, काहीच फरक नाही." या दुसऱ्या माणसाला घरी आणि कामावर 'नाटकं करतो' हे ऐकून घ्यावं लागतं. त्याला गुण न येण्याचं कारण त्याच्या यकृतात असू शकतं.

ट्रॅमाडॉलचंच पाहा. जास्त दुखत असेल तर हे औषध, बहुधा पॅरासिटामॉलच्या जोडीने, दिलं जातं. मूळ रूपात त्याचा वेदनेवर जोर कमी. यकृतातलं सीवायपी२डी६ हे एन्झाइम त्याचं रूप पालटतं आणि त्यातून तयार झालेला पदार्थ खरं काम करतो. हे एन्झाइम घडवणाऱ्या जनुकाचे शंभराहून अधिक प्रकार माहीत आहेत. आई आणि वडील अशा दोघांकडूनही निकामी प्रत आली, तर गोळी पोटात जाऊनही आराम फारसा पडत नाही. उलट काहींकडे या जनुकाच्या जादा प्रती असतात. त्यांच्यात औषध झपाट्याने पालटतं, गुंगी येते, श्वास मंदावू शकतो. हा धोका ओळखूनच अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मध्ये बारा वर्षांखालच्या मुलांना वेदनेसाठी ट्रॅमाडॉल आणि कोडीन देण्यास मनाई केली.

जनुक ठणठणीत असूनही गाडी अडू शकते. नैराश्यावरची फ्लुऑक्सेटिन किंवा पॅरॉक्सेटिन ही औषधं हेच एन्झाइम अडवतात. म्हणून कंबरेसाठी जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी डॉक्टरांना दाखवायलाच हवी.

आयब्युप्रोफेन, मेलॉक्सिकॅम, सेलेकॉक्सिब यांचा निचरा मुख्यतः सीवायपी२सी९ करतं. ते मंद असेल तर औषध अंगात रेंगाळतं. पोटाला आणि मूत्रपिंडाला इजा होण्याची भीती वाढते. जुनाट वेदनेत कमी मात्रेत दिल्या जाणाऱ्या अमिट्रिप्टिलिनचा संबंध सीवायपी२सी१९शी येतो. पुण्यात योगिता घोडके, कल्पना जोशी आणि भूषण पटवर्धन यांनी याच जनुकाचा आयुर्वेदातल्या प्रकृतींशी मेळ बसतो का, हे १३२ निरोगी व्यक्तींमध्ये तपासलं. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात त्यांना संबंध दिसला. उपचार ठरवायला तो पुरेसा नाही; पण आपल्या माणसांची जनुकं आपणच अभ्यासायला हवीत, हे त्यातून पटतं.

मग एक चाचणी करून कंबरदुखीचा उपचार आधीच ठरवता येईल का? आज तरी नाही. आपल्या शेजारच्या उल्हासनगरात, सिंधी समाजात थॅलेसेमियाचं प्रमाण जास्त असल्याने लग्नाआधी रक्त तपासून घ्या, असं डॉक्टर बजावतात. तिथे दोष एकाच जनुकात असतो, म्हणून उत्तर स्पष्ट मिळतं. कंबरदुखीत अनेक जनुकांचा थोडा थोडा वाटा असतो. शिवाय काम, वजन, झोप, धूम्रपान आणि मनावरचा ताण आहेतच.

२००६ मध्ये जीसीएच१ या जनुकाचा एक प्रकार असलेल्यांना गादीच्या शस्त्रक्रियेनंतर वेदना कमी राहिल्याचं दिसलं होतं. पुढच्या अभ्यासांत हा परिणाम सगळीकडे सारखा आढळला नाही. कोइमतूरच्या गंगा हॉस्पिटलमध्ये डॉ. एस. राजशेखरन यांच्या गटाने ८०९ रुग्ण तपासले. गादीची झीज कशी मोजायची ही व्याख्या बदलली, की जनुकांशी जुळणारे संबंधही बदलतात, असं त्यांना आढळलं. अफूवर्गीय वेदनाशामकांबद्दलच्या २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनीही फक्त सीवायपी२डी६ वर भिस्त ठेवली. वेदनेशी जोडल्या जाणाऱ्या सीओएमटी आणि ओपीआरएम१ या जनुकांवरून औषध ठरवण्याइतका पुरावा नाही, असं सांगितलं.

एक चाचणी मात्र आजही उपयोगी पडते : एचएलए-बी२७. चाळिशीच्या आत सुरू झालेलं, सकाळी ताठरपणा आणणारं आणि हालचालीने हलकं होणारं दुखणं असेल, तर ती सुचवली जाते. कण्याचा संधिवात ओळखायला तिची मदत होते आणि त्याचे उपचार साध्या कंबरदुखीहून वेगळे असतात. चाचणी होकारार्थी आली म्हणजे आजार झालाच, असं मात्र नाही. तो निर्णय संधिवाततज्ज्ञांचा.

तेव्हा गोळीने गुण आला नाही, तर मनाने दुसरी गोळी वाढवू नका आणि लाजून गप्पही बसू नका. कोणती गोळी, किती दिवस घेतली, काय झालं, हे लिहून डॉक्टरांपुढे ठेवा. औषध बदलायला तेवढी माहिती पुष्कळदा पुरते. आणि घरच्यांनो, 'काहीच फरक नाही' म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवा.

पुढच्या भागात : जनुकं कोणतीही असोत, बहुतेकांना उपयोगी पडणारा व्यायाम – कुठून सुरुवात करायची आणि कुठे थांबायचं.