रोगाचे नाव आणि रोगाचे कारण : एका मज्जारज्जुविकाराच्या निमित्ताने

रोगाला नाव देणे म्हणजे पुष्कळदा त्याच्या कारणाविषयी एक तर्क मांडणे होय. नाव एकदा रूढ झाले की त्यातील तर्क तपासून पाहण्याची निकड कोणास भासत नाही. परिभाषेच्या अभ्यासकाने वैद्यकाच्या प्रांतात डोकवावे ते याचसाठी. प्रस्तुत टिपणात अशा एका रोगनामाचा विचार करावयाचा आहे.

हा रोग साधारणतः चाळिशी-पन्नाशीत, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक, उद्भवतो. प्रथम पाय जड वाटू लागतात. पुढे ते ताठरतात व दुबळे होतात. कंबर दुखते, मूत्रविसर्जनावरील ताबा सुटतो. काही वर्षांत काठी आणि पुष्कळांच्या बाबतीत अखेरीस चाकांची खुर्ची नशिबी येते. बुद्धी मात्र सहसा शाबूत राहते. विकृतीचे मुख्य स्थान मज्जारज्जूचा छातीच्या पातळीवरील भाग हे होय.

जमेकातील अशा रुग्णांचे वर्णन क्रुकशँक यांनी १९५६ साली केले. १९६४ साली माँटगोमेरी, क्रुकशँक व त्यांचे सहकारी यांनी २०६ रुग्णांचा वृत्तान्त ‘जमेकन न्यूरोपथी’ या नावाने प्रसिद्ध केला. निकृष्ट आहार, कसाव्यातील विषद्रव्य, उपदंशासारखे संसर्ग अशी नाना कारणे पुढे आली; एकही सर्वत्र लागू पडेना. पुढे ‘ट्रॉपिकल स्पॅस्टिक पॅरापॅरेसिस’ हे नाव रूढ झाले. येथे लक्षात घ्यावयास हवे की, या नावातील दोन शब्द लक्षणे सांगतात, परंतु तिसरा, ‘ट्रॉपिकल’ हा, केवळ स्थळ सांगतो. आणि कारण अज्ञात असल्यामुळे ऐकणारा नकळत त्या स्थळालाच कारण समजू लागतो.

१९८० साली गॅलो यांच्या प्रयोगशाळेने एचटीएलव्ही-१ हा विषाणू शोधल्याचे जाहीर केले. १९८५ साली गेसें व सहकाऱ्यांना मार्टिनिक बेटावरील १७ रुग्णांपैकी १० जणांच्या रक्तात या विषाणूविरुद्धची प्रतिद्रव्ये आढळली. पुढच्याच वर्षी ओसामे यांनी जपानमधील कागोशिमा येथे याच विषाणूशी निगडित मज्जारज्जुविकाराचे वर्णन ‘हॅम’ या नावाने केले. कागोशिमा हे अमृतसरच्याच अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या बरेच उत्तरेस आहे. रोग एक, नावे दोन. एक भूगोलावरून पडलेले, दुसरे कारणावरून. १९८८ साली कागोशिमा येथे भरलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या बैठकीनंतर ‘हॅम/टीएसपी’ असे जोडनाव प्रचारात आले.

हा विषाणू रक्तातील टी-लिंफोसाइट पेशींत शिरतो व पेशीच्या जनुकद्रव्यात स्वतःची प्रत गुंफून जन्मभर तेथे राहतो. बहुतेक बाधितांना कोणताच त्रास होत नाही. मज्जारज्जुविकार शेकडा चारांहून कमी जणांना होतो. ज्यांच्या रक्तात बाधित पेशींचे प्रमाण फार असते त्यांना धोका अधिक. बाधित पेशी आणि त्यांच्याशी झुंजणाऱ्या संरक्षक पेशी मज्जारज्जूत उतरतात, तेथे दाह माजतो, आणि त्या दाहात मज्जातंतू व त्यांची आवरणे नष्ट होतात. रोग समूळ बरा करणारे औषध नाही, लसही नाही.

म्हणूनच प्रतिबंधाला महत्त्व येते. मातेचे दूध, लैंगिक संबंध व रक्तसंक्रमण हे प्रसाराचे मार्ग होत. कारण कळल्यावर जपानने १९८६ पासून रक्तदात्यांची तपासणी आरंभिली. नागासाकी प्रांतात १९८७ पासून बाधित मातांना स्तनपान टाळण्याचा सल्ला देण्यात आला. दीर्घकाळ अंगावर पाजलेल्या मुलांत शेकडा सुमारे २० असणारे संसर्गाचे प्रमाण वरचे दूध दिलेल्या मुलांत शेकडा सुमारे २.५ इतके उतरले. हवामानाला दोष देऊन हे साधले नसते.

तथापि उलट दिशेची चूकही संभवते. १९६९ साली मणी व सहकाऱ्यांनी दक्षिण भारतातील अशाच लक्षणसमूहाचे वर्णन केले. परंतु भारतातील अशा बहुसंख्य रुग्णांत पुढे हा विषाणू आढळला नाही. विदर्भात व मध्य प्रदेशात लाखोळीची डाळ दीर्घकाळ मुख्य अन्न म्हणून खाल्ल्याने येणारे पांगळेपण पाहावे : पाय तसेच ताठरतात, चालही तशीच होते, परंतु कारण डाळीतील विषद्रव्य हे असते. लक्षणसाम्यावरून कारणसाम्य ठरविता येत नाही.

मराठी परिभाषाकाराने यावरून काय घ्यावे? ‘उष्णकटिबंधीय ताठर अधरांगदौर्बल्य’ हे भाषांतर शब्दशः बिनचूक ठरेल, पण मूळ नावातील भ्रम तेवढ्याच निष्ठेने मराठीत आणील. विषाणू सिद्ध झाला असेल तेथे ‘एचटीएलव्ही-जन्य मज्जारज्जुविकार’ म्हणावे. झाला नसेल तेथे ‘अनिश्चितकारण ताठर अधरांगदौर्बल्य’ असे म्हणून शोधाचे दार उघडे ठेवावे. संज्ञेचा पर्याय सुचविण्यापूर्वी मूळ संज्ञा कोणता दावा करते आणि तो दावा आज टिकतो काय, हे पाहणे भाषांतरकाराचे पहिले काम होय.