मुक्या जीवाची वेदना : रक्त काय सांगते?

पंचशीलातील पहिले शील आपण सर्वजण वंदनेत ग्रहण करतो. मात्र डुकराचे नाव निघाले की आपल्यापैकी पुष्कळांची नाके मुरडतात. माहुलजवळच्या देवनारला १९७१ पासून पशुवधगृह आहे. पण तेथे पोहोचण्यापूर्वी जनावराच्या वाट्याला काय येते, याचा विचार क्वचितच होतो.

वयात आलेल्या नर डुकराच्या मांसाला उग्र दर्प येतो. तो टाळण्यासाठी नर पिल्लांचे खच्चीकरण जन्मानंतर थोड्याच दिवसांत, बहुधा भूल न देता केले जाते. "पिल्लू लहान आहे, त्याला काय कळते? घटकाभर ओरडते आणि आईला जाऊन बिलगते," असा समज आहे. रक्ततपासणीने हा समज खोटा ठरविला आहे.

शरीरावर आघात होताच मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी रक्तातून संदेश पाठविते आणि मूत्रपिंडावरील अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक सोडतात. खच्चीकरणानंतर साधारण अर्ध्या ते एक तासात त्याची पातळी शिखर गाठते व काही तासांत उतरते. ३, ६, ९ आणि १२ दिवसांच्या पिल्लांवरील, २००६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रत्येक वयात ही वाढ आढळली.

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी येथे एक शंका जरूर घ्यावी. पिल्लाला नुसते उचलून धरले तरी कॉर्टिसॉल वाढते. मग वेदना ओळखायची कशी? त्यासाठी दुसऱ्या गटातील पिल्लांना तसेच धरतात, पण कापत नाहीत. त्यांची वाढ पुष्कळ कमी भरते. दोहोंतील फरक हा जखमेचा.

पातळी उतरली म्हणजे दुखणे संपले, असेही नव्हे. अंग आखडणे, थरथरणे, मागचा भाग घासणे पुढे काही दिवस चालू राहते.

१९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने विहित पद्धतीच्या खच्चीकरणाला सूट दिली होती. ती पद्धत २०२३ च्या नियमांनी ठरविली : नोंदणीकृत पशुवैद्यकाने, भूल देऊनच. भूल उतरल्यावर कळा पुन्हा सुरू होतात, म्हणून मेलॉक्झिकॅमसारखे वेदनाशामक कापण्याअगोदरच टोचावे लागते. डायक्लोफेनॅक मात्र जनावरांना देऊ नये. त्यामुळे गिधाडे मेली आणि २००६ साली पशुवापरासाठी त्यावर बंदी आली.