जलगाळणीचा धूलिशोषक आणि पावसाळी हवा

पिशवीऐवजी पाण्यातून हवा नेऊन धूळ अडविणारा व्हॅक्यूम क्लीनर एप्रिलमध्ये बिनतक्रार चालतो. तोच कोल्हापुरात जुलै-ऑगस्टमध्ये कुबट वास देऊ लागतो आणि त्याचे बेअरिंग कुरकुरू लागते. दोष बहुधा टाकीतील पाण्याला दिला जातो. वस्तुतः यंत्र चालू असताना होणारी हानी थोडी असते. अधिक हानी यंत्र बंद केल्यावर आत कोंडलेल्या ओलाव्याने होते.

शोषलेली हवा टाकीतील पाण्यात घुसळली जाते व धूळ भिजून तेथेच राहते. हवेबरोबर उडणारे तुषार पुष्कळ यंत्रांत एक वेगाने फिरणारा विभाजक केंद्रोत्सारी प्रेरणेने बाजूस फेकतो. वाफेला मात्र तो अडवू शकत नाही. शिवाय धुळीत कपडे धुण्याची भुकटी असली की फेस होतो, आणि फेस विभाजक ओलांडून मोटारीकडे जातो. पाणी खुणेच्या वर भरणे व यंत्र तिरपे करणे यांचाही परिणाम तोच.

उघड्यावर ठेवले की यंत्र आपोआप वाळेल, ही समजूत कोल्हापूरच्या पावसाळ्यात टिकत नाही. समजा, एप्रिलच्या दुपारी तापमान 36 अंश सेल्सियस व सापेक्ष आर्द्रता 25 टक्के आहे. अशी हवा दर घनमीटरास आणखी सुमारे 31 ग्रॅम वाफ सामावून घेऊ शकते. जुलैत 25 अंश व 90 टक्के आर्द्रता असता हाच आकडा जेमतेम सव्वादोन ग्रॅमवर येतो. जे काम उन्हाळ्यात तासाभरात होते, ते पावसाळ्यात रात्रभरातही पुरे होत नाही.

यावर उपाय उष्णतेचा आहे. तीच जुलैची हवा 35 अंशांपर्यंत तापविली तर तिची सापेक्ष आर्द्रता सुमारे 51 टक्क्यांवर उतरते. म्हणून काम संपताच पाणी ओतून, टाकी धुऊन-पुसून कोरडी करावी आणि उत्पादकाची मनाई नसल्यास यंत्र काही मिनिटे रिकामे चालवावे. मोटारीच्या उष्णतेचा लाभ मोटारीला व तिच्यापुढील गाळणीला मिळतो. मागच्या नळीला मिळत नाही. नळी वेगळी काढून टांगलेलीच बरी. टाकी झाकून ठेवणे तर सर्वस्वी चुकीचे. घरोघरी नेमके तेच होते.

मोटारीची रचनाही पाहावी लागते. काहींत शोषलेली हवाच मोटारीवरून जाऊन तिला थंड करते. काहींत थंडाव्याची हवा निराळ्या मार्गाने येते. ओलाव्याच्या दृष्टीने ही दुसरी रचना उघडच सुरक्षित.

पुराचे प्रकरण याहून गंभीर आहे. 2019 च्या ऑगस्टमध्ये व 2021 च्या जुलैमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने 43 फुटांची धोक्याची पातळी बरीच मागे टाकली आणि नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. अशा पाण्यात बुडालेले यंत्र वरून कोरडे दिसले तरी चालू करून पाहू नये. गुंडाळीत गाळ व ओल असता विजेचा धक्का बसण्याचा वा मोटार जळण्याचा संभव असतो. मोटार सुटी करून स्वच्छ पाण्याने गाळ काढावा लागतो, गुंडाळी 80 ते 90 अंशांच्या भट्टीत काही तास शेकावी लागते व बेअरिंग बदलावे लागते. ही कामे उद्यमनगरातील मोटार-वाइंडिंगच्या कारागिरांच्या हातची आहेत. त्यानंतर 500 व्होल्टच्या मेगरने रोध मोजावा. तो 1 मेगओहमपेक्षा कमी भरला, तर गुंडाळी पुन्हा भट्टीत जाते.