रक्तात न दिसणारी उणीव

१९३२ साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात एल्मर मॅक्कॉलम आणि त्यांचे सहकारी क्रूस व ओरेंट यांनी, अन्य सर्व पोषक द्रव्यांनी परिपूर्ण परंतु मॅग्नेशियमचा जवळजवळ लवलेश नसलेला आहार पांढऱ्या उंदरांना देण्यास आरंभ केला, तेव्हा थोड्याच दिवसांत त्या प्राण्यांचे कान लालबुंद झाले, क्षुल्लक आवाजानेही ते बिथरून सैरावैरा धावू लागले आणि पुढे त्यांना आचके येऊ लागले. मनुष्याच्या बाबतीत असा पुरावा मिळण्यास आणखी बराच काळ लोटावा लागला. न्यूयॉर्क येथील मॉरिस शिल्स यांनी सात व्यक्तींना रुग्णालयाच्या सक्त देखरेखीखाली मॅग्नेशियमविरहित आहारावर ठेवून जे निरीक्षण केले, ते १९६९ साली प्रसिद्ध झाले. आणि त्यातील सर्वांत विलक्षण गोष्ट ही की, आहारात पोटॅशियम व कॅल्शियम पुरेसे असतानाही रक्तातील या दोन्ही द्रव्यांचे प्रमाण घसरत गेले, आणि मॅग्नेशियम पुन्हा सुरू केल्यावरच ते पूर्वपदावर आले.

याचे कारण आता पुष्कळसे उलगडले आहे. कॅल्शियमचे नियमन करणारा स्राव पॅराथायरॉइड ग्रंथींतून पाझरण्यास मॅग्नेशियम लागते, आणि मूत्रपिंडांतून पोटॅशियमची अवाजवी गळती होऊ नये म्हणून जो बंदोबस्त असतो, त्यातही त्याचाच हात असतो. याखेरीज तीनशेहून अधिक विकरांच्या क्रियांना त्याची गरज असते, आणि पेशींमधील ऊर्जेचे चलनवलन ज्या एटीपी नामक द्रव्यावर चालते, ते मॅग्नेशियमशी संयोग पावल्यावरच खऱ्या अर्थाने उपयोगी पडते. स्नायूंचे आकुंचन, हृदयाच्या ठोक्यांची लय, मज्जातंतूंचे संदेश या साऱ्यांत हे द्रव्य हजर असल्यामुळे त्याच्या अभावाची लक्षणेही कोण्या एका अवयवापुरती मर्यादित राहत नाहीत. आरंभी भूक मंदावते, मळमळते, अंगात त्राण वाटत नाही. उणीव तीव्र झाली म्हणजे मुंग्या, पेटके, थरथर, आणि क्वचित हृदयाच्या ठोक्यांतील गंभीर अनियमितता व झटके इथपर्यंत मजल जाते.

मग ही उणीव रक्ततपासणीत सहजी का आढळू नये, असा प्रश्न वाचकांच्या मनात साहजिकच येईल. प्रौढ मनुष्याच्या शरीरात सुमारे २५ ग्रॅम मॅग्नेशियम असते. त्यातील निम्म्याहून अधिक अस्थींमध्ये, उरलेले बहुतेक स्नायूंत व अन्य मृदू ऊतींत, आणि रक्तद्रवात एक टक्क्याहूनही कमी. रक्तातील हा अल्पसा अंश ढळू नये यासाठी शरीर इतके दक्ष असते की, आवक रोडावली तरी मूत्रपिंडे खर्च आखडतात आणि अस्थींच्या खजिन्यातून तूट निमूटपणे भरून निघते, त्यामुळे दफ्तरी बाकी चोख दिसते आणि खजिना मात्र रिता होत जातो. म्हणून अहवालातील आकडा नेहमीच्या मर्यादेत आहे, एवढ्यावरून निर्धास्त होणे मला सयुक्तिक वाटत नाही. रुग्णाचा आहार कोणता आणि तो कोणती औषधे घेतो, याची चौकशी त्याहून अधिक बोलकी असते.

औषधांचा मुद्दा तर विशेष लक्ष देण्याजोगा आहे. आम्लपित्तासाठी ओमेप्राझोल किंवा पॅन्टोप्राझोल यांसारख्या गोळ्या महिनोन् महिने, वर्षानुवर्षे घेण्याचा प्रघात आपल्याकडे फारच वाढला आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०११ साली या वर्गातील औषधांच्या दीर्घकालीन सेवनामुळे मॅग्नेशियम घटू शकते असा इशारा दिला, आणि नोंदलेल्या रुग्णांपैकी सुमारे चौथाई रुग्णांत केवळ पूरक मॅग्नेशियम देऊन भागले नाही, तर मूळ औषधच थांबवावे लागले, असेही नमूद केले. लघवी वाढविणारी काही औषधे, दीर्घकाळचा अतिसार, मद्यपान आणि आटोक्यात नसलेला मधुमेह हेही या ऱ्हासाचे कारण होतात. मधुमेहात लघवीवाटे साखर जाते तसे मॅग्नेशियमही वाहून जाते.

परंतु निरोगी माणसाच्या बाबतीत सारी मदार ताटावरच असते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० सालच्या शिफारशींप्रमाणे पुरुषास दिवसाला ४४० आणि स्त्रीस ३७० मिलिग्रॅम मॅग्नेशियम हवे. हे द्रव्य धान्याच्या कोंड्यात व अंकुरात साठलेले असते, त्यामुळे तांदूळ सडून पांढराशुभ्र केला की त्यातील सुमारे पाचांपैकी चार भाग गिरणीतच राहतात. १०० ग्रॅम पॉलिश केलेल्या तांदळात जेमतेम २० मिलिग्रॅम उरते. उलट तेवढ्याच ज्वारीत सुमारे १३०, बाजरीत सुमारे १२० आणि नाचणीत १४० च्या वर. एका मध्यम भाकरीला ६० ग्रॅम पीठ धरले, तर ज्वारीच्या दोन भाकऱ्यांतून दीडशेच्या आसपास मॅग्नेशियम पोटात जाते. जोडीला वाटीभर मटकीच्या उसळीतून पन्नासएक, आणि चमचाभर तिळाच्या चटणीतून आणखी तीस-चाळीस मिलिग्रॅम. भोगीच्या दिवशी तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि घेवडा, पावटा, हरभरे घातलेली मिसळीची भाजी करण्याचा आपला शिरस्ता वर्षातून एका दिवसापुरता न राहता हिवाळाभर चालावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे. लाल भोपळा चिरताना गरासकट ज्या बिया आपण टाकून देतो, त्या धुऊन, वाळवून, सोलल्या तर १०० ग्रॅमला ५०० मिलिग्रॅमहून अधिक मॅग्नेशियम देतात. उपवासाचा राजगिराही सुमारे २५० देतो.

धान्यातील फायटिक आम्ल मॅग्नेशियमला बांधून ठेवते, हा आक्षेप खरा आहे. परंतु भिजवणे, मोड आणणे आणि आंबवणे यांनी त्या आम्लाचे प्रमाण उतरते, म्हणूनच मोडाची कडधान्ये आणि नाचणीची आंबील यांना आहारात मोल आहे. पालेभाजी उकडून पाणी ओतून देण्याची सवय मात्र सोडावी, कारण विरघळलेले मॅग्नेशियम त्या पाण्याबरोबरच जाते. दख्खनच्या काळ्या कातळातून झिरपलेल्या विहिरींच्या जड पाण्यात कॅल्शियमबरोबर हेही द्रव्य असते, ज्यामुळे डाळ लवकर शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही अशी तक्रार गृहिणी करतात. घरोघरी बसविलेली आरओ यंत्रे ते जवळजवळ पूर्णपणे काढून टाकतात. पाणी दूषित असेल तेथे यंत्र अपरिहार्यच आहे, पण मग ती तूट ताटातून भरून काढण्याची तजवीज हवी.

रात्री पोटरीत गोळा आला की मॅग्नेशियमची गोळी घ्यावी, असा सल्ला हल्ली सर्रास दिला जातो. वृद्धांतील अशा पेटक्यांवर तिचा उल्लेखनीय उपयोग होत नाही, असेच अनेक प्रयोगांच्या एकत्रित परीक्षणात दिसून आले आहे. सिद्ध झालेली तीव्र उणीव असल्यास वैद्य शिरेवाटेही मॅग्नेशियम देतात, आणि तेथे विलंब करणे घातक ठरू शकते. परंतु ज्यांची मूत्रपिंडे दुबळी आहेत त्यांनी गोळ्याच काय, मॅग्नेशियमयुक्त जुलाबाची वा आम्लपित्ताची औषधेही वैद्याच्या संमतीवाचून घेऊ नयेत, कारण लघवीवाटे निघून न जाता ते रक्तात साचते, आणि मग रक्तदाब उतरतो, स्नायू शिथिल पडतात व श्वासही मंदावतो.